मगर हलत का नाही? आणि इतर प्रश्न

मगरी, साप, सरडे असलेल्या उष्ण कटिबंधातील उद्यानांविषयी वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात. पहिला प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे.

प्रश्न : मगरींच्या कुंडापाशी तासभर उभे राहिलो. एकही मगर हलली नाही. मुलगा म्हणाला, या प्लॅस्टिकच्या आहेत. त्या आजारी असतात, की त्यांना गुंगीचे औषध देतात?

औषध देत नाहीत, आणि सहसा त्या आजारीही नसतात. आपण जे खातो त्यातला मोठा वाटा नुसते अंग गरम ठेवण्यात जळतो. मगरीला हा खर्चच नाही. ती ऊब बाहेरून घेते, म्हणजे उन्हातून, पाण्यातून, तापलेल्या काठावरून. त्यामुळे तिचे दिवसभराचे काम एकच : अंगाचे तापमान ३० ते ३३ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवणे. सकाळी काठावर यायचे, पाठ उन्हाला द्यायची, ऊन चढले की पाण्यात उतरायचे, संध्याकाळी पुन्हा कोमट जागा शोधायची. ही ये-जा मिनिटांची नसते, तासांची असते. उद्यान उघडल्या उघडल्या एक फोटो काढा आणि भर दुपारी त्याच जागेवरून दुसरा काढा. दोन्ही शेजारी ठेवले की ‘प्लॅस्टिक’ किती सरकले ते कळेल.

जबडा वासून पडलेली मगर रागावलेली नसते. तोंडातल्या ओलसर त्वचेवरून पाण्याची वाफ होते आणि डोके थंड राहते. मात्र मगरी रात्री आणि पावसातही जबडा उघडा ठेवून पडलेल्या दिसतात, तेव्हा हे एकच कारण धरून चालता येत नाही. तोंड असे उघडे मिळालेच तर दुर्बीण लावून आत बघा. जीभ खालच्या जबड्याला पूर्ण चिकटलेली असते, ती बाहेर काढता येतच नाही. तिच्या मुळाशी एक मांसल पडदा दिसेल. तो घसा बंद करतो, म्हणूनच पाण्याखाली भक्ष्य धरताना तोंड उघडले तरी फुफ्फुसात पाणी जात नाही.

हलवून बघायला खडे किंवा नाणी मात्र टाकू नका. मगरींना दगड गिळायची सवय असते, नाणेही त्या तसेच गिळतात, आणि ते पोटातल्या तीव्र आम्लात वर्षानुवर्षे विरघळत राहते. २०२४ मध्ये अमेरिकेतील ओमाहा येथील हेन्री डोर्ली प्राणिसंग्रहालयात थिबोडो नावाच्या पांढऱ्या अ‍ॅलिगेटरच्या पोटातून ७० नाणी काढावी लागली होती.

प्रश्न : मोठ्या मगरींना आठवड्यातून एकदाच खायला घालतात, असे तिथल्या फलकावर वाचले. ही उपासमार नव्हे का?

नव्हे. खरी चूक जास्त घालण्यात होते. शंभर किलोच्या मगरीला आठवड्याला दोन-तीन किलो मांस सहज पुरते. पिल्लांचे वेगळे. त्यांना आठवड्यातून पाच-सहा दिवस, बारीक केलेले अन्न लागते. वर्षभरानंतर हे दिवस हळूहळू कमी करत नेतात.

किती घालायचे यापेक्षा किती अंशांना घालायचे, हे आधी बघावे लागते. अंगाचे तापमान २५ अंशांच्या खाली गेले की पचन मंदावते आणि बहुतेक मगरी स्वतःच खाणे सोडतात. एखादी हावरी मगर थंडीतही तुकडा गिळते. तो पोटात पचण्याऐवजी कुजू लागतो, आणि मग उलटी तरी होते किंवा जंतुसंसर्ग तरी. म्हणून जाणता कीपर आधी पाण्यात थर्मामीटर घालतो, मग बादली उचलतो. सलग ढगाळ, गार दिवस असतील तर एक पाळी सरळ चुकवतात. प्रेक्षकांना ठरलेल्या वेळी ‘फीडिंग शो’ हवा असतो, हे खरे. पण आकाश बघून रद्द होणारा शो ही उद्यान नीट चालत असल्याची खूण समजा.

पचनाची एक गंमत. पोट भरले की मगर फुफ्फुसाकडे जाणारे काही रक्त वळवून थेट पोटाकडे धाडते. या रक्तात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि त्यातूनच पोटातले आम्ल तयार होते. म्हणून जेवलेली मगर उबेला पडून असते. त्या वेळी तिला हुसकावले, धरले किंवा कुंड रिकामे करून गार पाणी भरले, तर जेवण फुकट जाते. धुलाईचा दिवस जेवणाच्या आदल्या दिवशी ठेवायचा, दुसऱ्या दिवशी कधीच नाही.

प्रश्न : मी पशुवैद्यकीचा विद्यार्थी आहे. बंदिस्त मगरींत आहारामुळे कोणते आजार दिसतात?

चार लक्षात ठेवा.

पहिला, हाडांचा. नुसते हाडांवेगळे मांस घातले की फॉस्फरस भरपूर मिळतो, कॅल्शियम मिळत नाही. पिल्लांचे जबडे रबरासारखे वाकतात, दात वेडेवाकडे बाहेर येतात, पाठीला पोक येते. उपाय साधा आहे : पिसे, हाडे, आतडी यांसकट अख्खे भक्ष्य द्यावे, आणि पिल्लांच्या खिम्यात हाडांची पूड किंवा कॅल्शियम कार्बोनेट मिसळावे.

दुसरा, चरबीचा. तेलकट मासा साठवणीत खवट होतो. तोच सतत खाल्ला की शरीरातले ई जीवनसत्त्व संपते आणि अंगातली चरबी सुजून कडक, पिवळट होते. मगर ताठरते आणि पोहताना कुशीवर कलते. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात २००८ मध्ये ऑलिफंट्स नदीच्या खोऱ्यातल्या जंगली नाइल मगरी याच विकाराने मोठ्या संख्येने मेल्या. तेव्हा हा फक्त पिंजऱ्यातला रोग नाही.

तिसरा, बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. काही माशांत हे जीवनसत्त्व मोडणारे एन्झाइम असते आणि मासा गोठवून ठेवला तरी ते मरत नाही. मगर तोल जाऊन गोल फिरू लागली किंवा थरथरू लागली, तर आधी आहाराची वही मागवा.

चौथा, गाऊट. पाणी कमी, प्रथिने जास्त आणि अंग गार, हे तिन्ही जुळले की युरिक आम्ल सांध्यांत साचते. पिल्लू मागचे पाय ओढत चालते. अशा पिल्लाचे खाणे काही दिवस बंद करून त्याला ३२ अंशांच्या स्वच्छ पाण्यात ठेवतात. वेळेवर लक्षात आले तर बरेचदा सावरते.

प्रश्न : वास्तुकलेच्या प्रकल्पासाठी मगरीचे आवार आखते आहे. सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

चुका बहुतेक वेळा पाण्याच्या खोलीत होतात. उथळ, निळ्या फरशीचे कुंड चित्रात छान दिसते, पण दुपारी ते तापते आणि पहाटे गार पडते. मगरीला दोन्ही वेळा पळायला जागा राहत नाही. ती पूर्ण बुडेल एवढी खोली हवीच. वाढलेल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीसाठी एका भागात दीड मीटर धरा. खोल पाणी आवाराचे तापमान सांभाळून धरते, यंत्र बंद पडले तरी. काठावर ऊन आणि दाट सावली दोन्ही हवे, आणि हिवाळ्यात सूर्य कुठून कुठे जातो हे बघूनच सावलीची जागा ठरवा.

उतार हलका ठेवा. काँक्रीट घोटून गुळगुळीत करा, कारण खरबरीत काँक्रीटवर पोट आणि तळपाय सोलवटतात आणि त्या जखमांतून संसर्ग आत जातो. निचऱ्याचे तोंड सर्वांत खोल जागी, मोठ्या व्यासाचे आणि जाळीबंद असावे. मगरीची विष्ठा आणि मांसाचे तुकडे अरुंद पाइपात हमखास अडकतात. नव्याने भरायचे पाणी शक्यतो टाकीत साठवून कुंडाच्या तापमानाला आणलेले असावे.

एका आवारात दोन नर नकोत. माद्या अनेक असतील तर काठही अनेक हवेत आणि एका काठावरून दुसरा दिसता कामा नये. मध्ये मातीचा उंचवटा किंवा झाडोरा टाका. नाहीतर दांडगी मादी एकुलता एक काठ बळकावते, बाकीच्या दिवसभर पाण्यात राहतात, त्यांना ऊब मिळत नाही, त्या खात नाहीत, आणि मालक विचारत बसतो की खुराक तर पुरेसा आहे, मग या वाळल्या कशाने?

कुंपणाला तारेची जाळी टाळा. लहान मगरी तिच्यावर शिडीसारख्या चढतात. तरुण मगरी झाडावरही चढतात, तेव्हा भिंतीला लागून झाड नको. गुळगुळीत भिंत, वरच्या कडेला आतल्या बाजूने पुढे आलेला ओठ आणि पाया जमिनीत खोलवर. पाया एवढ्यासाठी की मगर, विशेषतः आपल्याकडची गोड्या पाण्यातली, बीळ खणण्यात पटाईत असते. कीपरसाठी एकामागून एक दोन दारे हवीत, आणि ती उघडण्याआधी संपूर्ण कुंड दिसेल अशी खिडकी. मगर दिसत नसेल तर ती दाराशी आहे असेच धरायचे, हा तिथला नियम.

प्रश्न : अंड्यांवर पेन्सिलने खूण का करतात? आणि नर-मादी तापमानावर ठरते म्हणजे नेमके काय?

कोंबडी अंडी फिरवते, म्हणून मगरीचीही फिरवावीत असे वाटते. तिथेच घात होतो. अंडे घातल्यावर साधारण २४ तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला अस्तराला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर गर्भ बलकाखाली दबतो किंवा त्याचा पडदा फाटतो, आणि तो मरतो. म्हणून घरटे उघडताना प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलने रेघ ओढतात. शाईचा मार्कर नको, कवचाला छिद्रे असतात. खोक्यात ठेवताना रेघ वरच राहिली पाहिजे.

अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली की फलित अंडे ओळखू येते. ताज्या अंड्यातून प्रकाश सगळीकडे सारखाच, पिवळसर येतो. दिवसाभराने माथ्यावर खडूच्या ठिपक्यासारखा पांढरा डाग दिसतो. तो पसरत जाऊन अंड्याच्या मध्यावर पट्टा होतो, आणि पुढच्या आठवड्यांत पट्टा दोन्ही टोकांकडे रुंदावत जातो. पट्टा आलाच नाही तर अंडे फलित नाही किंवा गर्भ सुरुवातीलाच गेला. पट्ट्याची वाढ थांबली आणि कडेला करडे डाग आले, तर ते अंडे बाजूला काढा. बुरशी शेजाऱ्यांना लागते.

इन्क्युबेटरमध्ये हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर हवी. अंडी ओलसर व्हर्मिक्युलाइटवर, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिज कणांवर, ठेवतात. हातात दाबले तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपतच ओल. झाकणावरचे थेंब थेट अंड्यांवर पडू देऊ नयेत, म्हणून झाकण तिरपे बसवतात. साचलेल्या पाण्यात बुडालेले अंडे गुदमरते. सगळे नीट असेल तर ८० ते ९० दिवसांत पिल्ले येतात. गार ठेवली तर उशीर, गरम ठेवली तर घाई.

आता नर-मादीचे. मगरीत लिंग ठरवणारी गुणसूत्रे नसतात. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात अंड्याला किती ऊब मिळाली यावर लिंग ठरते. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या मगरीची अंडी २८ ते ३१ अंशांत उबवली तर सगळ्या माद्या निघतात, ३२.५ अंशांना सगळे नर, आणि ३३ अंशांना पुन्हा दोन्ही. म्हणजे अर्ध्या-एक अंशाने पिढी बदलते. इन्क्युबेटरच्या दारावरचा आकडा पुरेसा नसतो ते यासाठीच. वरच्या आणि खालच्या खणात एका अंशाचा फरक सहज पडतो. थर्मामीटर अंड्यांच्या मधोमध, प्रत्येक खणात वेगळा, आणि तो तपासून घेतलेला हवा. तासभर वीज गेली तर फारसे बिघडत नाही. खोक्यातली ओल आणि अंडी मिळून ऊब धरून ठेवतात, दार तेवढे उघडू नका. उलट थर्मोस्टॅट अडकून तापमान ३५ च्या वर गेले, तर ते काही तासही महागात पडतात. तयार होणारी पिल्ले वाकडी निघतात किंवा निघतच नाहीत. म्हणून हीटरला दुसरा, स्वतंत्र कटऑफ लावतात.

शेवटच्या दिवसांत अंड्यांतून आवाज येऊ लागतो, ‘अंक्, अंक्’ असा दबका. एकाने सुरुवात केली की बाकीची साथ देतात आणि सगळी जवळपास एकदमच बाहेर येतात. घरट्यात हा आवाज ऐकून आई माती उकरते आणि पिल्ले तोंडात धरून पाण्यात नेते. इन्क्युबेटरमध्ये आईचे काम माणसाला करावे लागते. पण घाई करून कवच सोलू नका, कारण बलक अजून पोटात ओढला गेलेला नसतो. त्या बलकावर पिल्लाचे पहिले काही दिवस निघतात, तेव्हा खाल्ले नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. पाणी आणि हवा दोन्ही ३२ अंश, वर लपायला फळी, आणि शांतता. दार आपटले की पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. पिल्लांच्या खोलीत गप्पा मारू न देणारा कीपर खडूस नसतो.

प्रश्न : नराशिवाय मगरीला पिल्ले होतात ही अफवा आहे का?

अफवा नाही, पण अर्धवट बातमी आहे. कोस्टा रिकातील पार्के रेप्टिलांडिया या उद्यानात १६ वर्षे एकटी ठेवलेल्या अमेरिकन मगरीने २०१८ मध्ये १४ अंडी घातली. त्यांतल्या एकात पूर्ण वाढलेले पिल्लू होते, मात्र ते जिवंत नव्हते. जनुकीय तपासणीत ते जवळजवळ संपूर्णपणे आईसारखेच निघाले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा व्यवहारातला उपयोग एवढाच की एकट्या मादीने घातलेली अंडी न बघता फेकू नयेत.

प्रश्न : एवढ्या ताकदीच्या जबड्याला साधी चिकटपट्टी कशी पुरते?

कारण ताकद फक्त मिटण्याची आहे. खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा चावा १६,४१४ न्यूटन इतका मोजला गेला आहे. जबडा उघडणारे स्नायू मात्र चिमूटभर. तेव्हा नाकपुड्या मोकळ्या ठेवून चार-सहा वेढे मारले की पुरे. डोळ्यांवर ओले पोते टाकले की मगर बरीच शांत होते.

खरा धोका शेपटीचा असतो आणि वेळेचा. दोर लागला की मगर गिरक्या घेते. ही ताकद प्राणवायूशिवाय येते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठत जाते. मोठी मगर अर्धा तास झुंजवली तर ती धरताना जिवंत आणि संध्याकाळी मेलेली, असे होऊ शकते. म्हणून सगळी माणसे, दोर, मोजपट्टी, औषध आधी जागेवर, आणि मगच पहिला फास. काम सकाळच्या गारव्यात उरकतात. गुंगी दिलेली मगर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याजवळ सोडत नाहीत, नाहीतर तीही बुडते.

प्रश्न : मगर, सुसर आणि अ‍ॅलिगेटर पटकन कसे ओळखावे?

तोंड मिटल्यावर खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसला तर मगर, दिसला नाही तर अ‍ॅलिगेटर. मुस्कटाच्या आकारावर जाऊ नका, आपली मगर रुंद मुस्कटाची असल्याने फसगत होते. सुसरीचे तोंड चिमट्यासारखे लांब आणि निमुळते, दात शंभराहून जास्त, आणि वाढलेल्या नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा असतो.

प्रश्न : सर्वांत मोठी मगर किती मोठी असते? वय कसे सांगतात?

फिलिपिन्समध्ये २०११ साली पकडलेला लोलाँग ६.१७ मीटर लांब आणि १,०७५ किलो वजनाचा होता. तो २०१३ मध्ये मेला. ऑस्ट्रेलियातील ग्रीन आयलंडवरचा कॅशियस ५.४८ मीटरचा होता, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये गेला. त्याचे वय ११० हून जास्त मानत, पण तो १९८४ मध्ये पकडला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. त्यामुळे हा अंदाजच. अंड्यातून निघाल्याची नोंद असेल तरच वय खात्रीने सांगता येते. फलकावर ‘सुमारे’ लिहिलेले असेल तर तो फलक प्रामाणिक आहे. लांबीही डोळ्यांनी मोजू नका. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट किंवा त्याहून जास्त होते, म्हणून पाच मीटरची मगर चार मीटरच्या मगरीपेक्षा ‘थोडी’ मोठी कधीच वाटत नाही.

प्रश्न : सापांच्या काचेवर टकटक केल्यास ओरडतात. सापाला कान तर नसतात?

बाहेर कान नसतात, पण काचेतून आणि जमिनीतून आलेली थरथर जबड्याच्या हाडांवाटे आतल्या कानापर्यंत पोचते. दर पाच मिनिटांनी दचकणारा साप खाणे सोडतो आणि नुकतेच गिळलेले उलटून टाकतो. त्याच कारणाने खाल्ल्यानंतर दोन दिवस सापाला हातही लावत नाहीत. उंदीर मारून, गोठवून, मग कोमट करून देतात, कारण जिवंत उंदीर उलट चावतो.

कात टाकण्याच्या दिवसांत डोळे दुधाळ दिसतात. कात तुकड्यांनी निघाली तर पेटीत ओल कमी आहे असे समजा. ओल्या शेवाळाची एक डबी ठेवली की भागते. डोळ्यांवर राहिलेले पापुद्रे ओढू नयेत.

शेजारच्या सरड्यांच्या आणि घोरपडींच्या पेटीत ऊन काचेतून येत असेल तर ते नुसती ऊब देते. कॅल्शियम पचवायला लागणारे अतिनील किरण काच अडवते. त्यासाठी वेगळी ट्यूब लावतात आणि ती उजेड देत असली तरी सहा ते बारा महिन्यांत बदलतात, कारण किरण आधी संपतात, उजेड नंतर.

प्रश्न : मगरीचे पिल्लू हातात देऊन फोटो काढतात. मुलांना द्यावे का?

पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असूनही त्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. मोठ्या मुलांनी हात लावलाच तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवावेत, त्याआधी तोंडाला किंवा खाऊला हात नको. पिल्लाच्या बाजूनेही बघा. एकच पिल्लू दिवसभर हातोहात फिरत असेल तर ते गार पडते, घाबरते आणि खाणे सोडते. एकेक पिल्लू थोड्याच वेळाने बदलत असतील आणि परतलेले पिल्लू कोमट पाण्यात जात असेल, तर तिथे जाणती माणसे आहेत.